सशाची खाज बरी होते आणि महिन्याने परत येते, तेव्हा काय तपासायचे

नाकावर खपली दिसते. घरातले कोणी तेल लावते, कोणी डॉक्टरांकडून एक इंजेक्शन करून आणते. आठवड्याभरात खपली गळते, ससा पुन्हा कोथिंबिरीवर तुटून पडतो. मग तीन-चार आठवड्यांनी तीच खपली त्याच जागी उगवते, आधीपेक्षा जाड. ‘औषध लागू पडले नाही’ असे ठरवून मग दुसरे औषध शोधले जाते. बहुतेक वेळा पहिलेच औषध बरोबर असते. अर्ध्यावर सोडलेले असते ते बाकीचे काम.

लक्षणे: आधी जागा बघा

खाज शरीरावर कुठे आहे, यावरून निम्मे निदान होते. म्हणून ससा मांडीवर न घेता जमिनीवर टॉवेल पसरून त्यावर बसवा आणि नाकापासून शेपटीपर्यंत क्रमाने बघा. मांडीवरून उडी मारताना सशाने मागचे पाय जोरात झटकले तर त्याचा कणा मोडू शकतो, म्हणून जमीनच बरी.

नाकाचा शेंडा, ओठ, कानांच्या कडा आणि पुढच्या पायांच्या नखांची मुळे इथे पांढरट-राखाडी, कोरडी, चुन्यासारखी खपली असेल आणि ससा पुढचे पाय सारखे झटकत असेल, तोंड घासत असेल, तर ती खरूज. हा किडा कातडीत बीळ करून राहतो, डोळ्यांना दिसत नाही. डॉक्टर त्याला माइट म्हणतात. कोल्हापूरच्या पावसाळ्यात हा बराच त्रास देतो.

कानाच्या आत तपकिरी थरावर थर, पापडाचा चुरा दाबून भरल्यासारखे, एक कान खाली पडलेला आणि डोके झटकणे: हा कानातला माइट, वेगळ्या जातीचा. मानेवर आणि पाठीच्या कण्यावर मोठमोठा कोंडा, केसांचे झुपके चिमटीत सहज हातात येतात: हा केसांत फिरणारा माइट.

गोलसर टक्कल, कडेला खवले, खाज फारशी नाही: हे गजकर्ण असू शकते, म्हणजे बुरशी. गळ्याखालची पिशवी ओली, केस चिकटलेले, कधी निळसर-हिरवट झाक आणि वास: ही ओलाव्याने सडलेली कातडी. शेपटीखाली लाल, लघवीने भिजलेले: तेही ओलाव्याचेच. टाचेखालचे केस जाऊन लाल चट्टा: पिंजऱ्याच्या जाळीचा तळ.

एक फसवे लक्षण लक्षात ठेवा. नाक, ओठ आणि गुप्तांग या तिन्ही ठिकाणी खपल्या असतील, पण ससा खाजवत नसेल, तर ती खरूज नसून सशांमधली सिफिलिस असू शकते. माणसाला ती लागत नाही. तिचे औषध पूर्ण वेगळे आहे, म्हणून खरजेचे इंजेक्शन कितीही वेळा दिले तरी ती हटत नाही.

पहिली तपासणी: हा आजार आहे का?

खर्च शून्य, वेळ दोन मिनिटे. जिथले केस गेले आहेत तिथली कातडी फुंकर मारून बघा. कातडी गुळगुळीत, गुलाबी, कोंडा नाही, खाज नाही आणि खालून नवे केस येत आहेत, तर ससा कात टाकावी तसे केस बदलतो आहे. रोज विंचरा, एवढेच. केस पोटात गेले तर त्याला ते ओकून टाकता येत नाहीत, ससा उलटी करूच शकत नाही. म्हणून या दिवसांत वैरण जास्त आणि भाजी कमी.

मादी छातीवरचे केस स्वतः उपटून कोपऱ्यात गादी करत असेल, तर ती व्यायची तयारी आहे किंवा खोटी गर्भधारणा आहे. ससा ३० ते ३२ दिवसांत वितो, खोटी गर्भधारणा साधारण १६ ते १८ दिवसांत सरते. इथे औषध लावायचे नाही.

दुसरी तपासणी: उवांची फणी आणि काळा कागद

घरात उवांची बारीक फणी असेलच, नसेल तर वीस-तीस रुपयांना मिळते. ससा काळ्या कागदावर उभा करून मानेपासून शेपटीकडे दहा-बारा वेळा विंचरा. पडलेला कोंडा मोबाइलच्या टॉर्चखाली दोन मिनिटे हलू न देता बघा. कोंड्याचा एखादा कण स्वतःहून सरकला तर तो केसांतला माइट. इंग्रजीत त्याला चालता कोंडा म्हणतात, आणि नाव अगदी बरोबर आहे.

फणीत काळे बारीक दाणे आले तर ते ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवा. भोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त. घरात मांजर किंवा कुत्रे असेल तर पिसवा तिथून आल्या. हे वेळीच कळले तर खरजेच्या औषधावर पैसे जात नाहीत.

कागदावर काहीच दिसले नाही, म्हणून खरूज नाही असे समजू नका. खरजेचा किडा कातडीच्या आत असतो. या तपासणीतून केसांतले माइट आणि पिसवा एवढेच हाती लागतात.

तिसरी तपासणी: पिंजरा आणि वैरण

कोल्हापुरात जून ते सप्टेंबर हवेत ओल असते, जिन्याखाली किंवा गॅलरीत ठेवलेला पिंजरा आठवडाभर वाळत नाही. खरजेचे आणि कानातले माइट कोरड्या उन्हात लवकर मरतात, थंड दमट जागेत सशाच्या अंगाबाहेरही टिकतात. कानातला माइट तर अनुकूल हवेत तीन आठवड्यांपर्यंत जगतो. तुम्ही ससा बरा करता आणि परत त्याच खोक्यात ठेवता, तेव्हा आजार त्याची वाटच बघत असतो.

आता तळाला हात लावून बघा. ओला लागतो? मग अंथरूण बदलायचे. वर्तमानपत्राचे चार-पाच थर आणि त्यावर कोरडा भाताचा पेंढा, म्हणजे आपल्याकडचे पिंजर, हे स्वस्त आणि ठीक. रोज वरचा थर काढायचा. लाकडाच्या वखारीतला भुसा टाळा, त्याची धूळ नाकात-डोळ्यांत जाते. ऊस भागात पाचट (उसाची वाळलेली पाने) आणि वाडे (उसाचे हिरवे शेंडे) फुकट मिळतात म्हणून अंथरले जातात, पण उसाच्या पानाची कड ब्लेडसारखी असते आणि देठावरची बारीक कुसळे टोचतात. ओठ आणि पापण्या चिरतात, मग ‘खाज’ म्हणून जी दिसते ती खरी जखम असते. म्हशीच्या जिभेला जे चालते ते सशाच्या ओठाला चालत नाही.

पाणी उथळ वाटीत देत असाल तर मोठ्या मादीची गळ्याखालची पिशवी प्रत्येक घोटाला भिजते. नळीची बाटली लावा, किंवा अरुंद तोंडाचे जड भांडे. एवढ्यानेच गळ्याखालची सड थांबल्याची उदाहरणे भरपूर आहेत.

जाळीचा तळ असेल तर निम्म्या भागावर सुती पोते किंवा लाकडी फळी टाका. सशाच्या पायाला कुत्र्यासारखी गादी नसते, फक्त केस असतात. ते घासले की थेट कातडी तारेवर येते.

वैरण ओलसर किंवा बुरशीच्या वासाची असेल तर फेकून द्या. पावसाळ्यात थोडी-थोडी घ्या, उन्हाची उघडीप मिळेल तेव्हा पसरा.

चौथी तपासणी: दुसरा ससा आणि घरातली माणसे

घरातल्या कोणाच्या मनगटावर, कोपराच्या आतल्या बाजूला किंवा पोटावर ससा उचलल्यानंतर लाल खाजरे पुरळ उठले आहेत का, हे विचारा. प्राण्यांच्या खरजेचा किडा माणसावर पिढ्या वाढवू शकत नाही, सशाचा उपचार झाला की ते पुरळ सहसा आपोआप जातात. पण विचारले पाहिजे, कारण ‘ताईलाही खाजतंय’ हे वाक्य डॉक्टरांसाठी मोठा पुरावा आहे. गोल चट्टे असतील तर ते गजकर्ण, ते माणसावर आपोआप जात नाही. त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. दुकानातून आणलेली स्टेरॉइड मिसळलेली क्रीम माणसालाही नको आणि सशाला तर मुळीच नको.

दोन ससे असतील आणि एकालाच खपल्या असतील, तरी दोघांवर उपचार एकाच दिवशी. दुसऱ्याच्या अंगावरही बहुधा किडे असतात, फक्त अजून दिसत नाहीत. खाज परत येण्याचे सगळ्यात मोठे कारण हेच, आणि नेमके हेच पैसे वाचवण्यासाठी टाळले जाते.

नवा ससा आणला तर ३० दिवस वेगळ्या खोलीत. आणि ऊसतोडीच्या दिवसांत फडात सापडलेले तपकिरी पिल्लू घरी आणू नये. तो रानससा आहे, पाळीव सशापेक्षा वेगळी जात, आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित. त्याची आई मुद्दाम लांब राहते आणि पाजायला येते, म्हणून एकटे दिसलेले पिल्लू अनाथ असेलच असे नाही. बांधावर सावलीत, सापडले त्याच्या जवळच ठेवा.

पाचवी तपासणी: वजन आणि दात

स्वयंपाकघरातल्या काट्यावर टोपली ठेवून वजन करा, वहीत लिहा. डोसासाठी ते लागणारच आहे. आणि ज्या सशाचे वजन खूप वाढले आहे त्याला पाठीपर्यंत आणि शेपटीखाली तोंड नेता येत नाही. तिथे कोंडा साचतो, लघवी साचते. ज्याचे वजन उतरले आहे आणि हनुवटी ओली आहे, त्याचे दात वाढलेले असण्याची शक्यता आहे. दात दुखतात म्हणून तो स्वतःला चाटत नाही आणि केसांतले माइट बिनधास्त वाढतात. अशा सशाचा कोंडा औषधाने जातो आणि परत येतो, कारण मूळ तोंडात असते. पुढचे दात ओठ वर करून घरी दिसतात, दाढा मात्र डॉक्टरांनीच बघायच्या.

नखे वाढली असतील तर टोक कापून घ्या. पांढऱ्या नखात रक्ताची गुलाबी रेघ दिसते, तिच्या दोन मिलिमीटर आधी थांबा. खाज तीच असली तरी बोथट नखाने जखम होत नाही.

हे लावू नका

फिप्रोनिल, म्हणजे कुत्र्याच्या पिसवांसाठी मानेवर टाकायचे ते औषध, सशाला विषारी आहे. कुत्र्याला चालते म्हणून दोन थेंब टाकले आणि झटके येऊन ससा गेला, असे घडते. गोठ्यात गोचिडांसाठी ठेवलेले फवारणीचे औषध पाण्यात पातळ करूनही नको. म्हशीच्या घरात ते हाताशी असते, म्हणून हा इशारा मुद्दाम. रॉकेल नको. करंज तेल, कडुलिंब तेल, हळद-तेल यांनी खपली मऊ पडते, त्यामुळे गुण आल्यासारखे वाटते, पण बिळातला किडा तसाच राहतो आणि लावलेले सगळे ससा चाटून पोटात घेतो.

आंघोळ घालू नका. भिजलेला ससा गारठतो, घाबरतो, आणि त्या धक्क्यानेच दगावू शकतो. घाण झालेला भाग कोमट पाण्याच्या कापडाने पुसून लगेच कोरडा करायचा.

खपली ओढून काढू नका. कानातली तर अजिबात नाही. तिच्याखाली कच्ची कातडी असते, रक्त येते, आणि ससा पुढच्या वेळी कानाला हात लावू देत नाही. औषध दिल्यावर ती आठ-दहा दिवसांत स्वतःहून सुटते.

घरात उरलेले अँटिबायोटिक पाजू नका. अमॉक्सिसिलीनसारखी तोंडाने दिलेली औषधे सशाच्या आतड्यातले चांगले जिवाणू मारतात आणि जीव घेणारा जुलाब लागतो.

सहावी पायरी: डॉक्टर, आणि काय विचारायचे

आपल्याकडचे बरेच पशुवैद्य गाई-म्हशी आणि कुत्र्यांचे जास्त बघतात, म्हणून आधी फोन करून दोन गोष्टी विचारा: ससे बघता का, आणि कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघता का. खरवडून केलेली तपासणी रिकामी आली तरी खरूज नाही असे सिद्ध होत नाही, किडे खोल असतात. पण दिसले तर शंका संपते.

उपचार बहुधा आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन. आता आकडे समजून घ्या, म्हणजे ते घरी का करू नये हे कळेल. बाजारात मिळणारे औषध एक टक्का असते आणि म्हशीला ५० किलोला १ मिली असे दिले जाते. त्याच हिशेबाने दोन किलोच्या सशाला ०.०४ मिली लागते, म्हणजे एका थेंबापेक्षा कमी. सशांत डॉक्टर गरज बघून याच्या दुपटीपर्यंत जातात. इन्सुलिनच्या १०० युनिटच्या, केशरी झाकणाच्या सिरिंजवर ०.०४ मिली म्हणजे चार युनिट. लाल झाकणाच्या ४० युनिटच्या सिरिंजवर तेच चार युनिट म्हणजे ०.१ मिली, अडीच पट डोस. चूक इतक्या सहज होते. अर्ध्या किलोच्या पिल्लाला तर मोजणेच अवघड, तिथे डॉक्टर औषध पातळ करून देतात किंवा सेलामेक्टिनचे थेंब निवडतात. मादी गाभण असेल किंवा पाजत असेल तर आधी सांगा.

आता या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. हे औषध चालत्या-फिरत्या किड्याला मारते, अंड्याला नाही. खरजेची अंडी तीन ते पाच दिवसांत फुटतात आणि साधारण दोन ते तीन आठवड्यांत नवा किडा अंडी घालण्याइतका मोठा होतो. केसांतल्या माइटला तर पाच आठवडे लागू शकतात. म्हणून दुसरा आणि गरजेनुसार तिसरा डोस, १० ते १४ दिवसांच्या अंतराने. पहिला १ तारखेला, तर दुसरा १५ च्या आत-बाहेर, तिसरा २९ च्या सुमाराला. दुसऱ्या डोसाच्या दिवशी ससा ठणठणीत दिसतो, नाक गुलाबी, केस यायला लागलेले. नेमका तोच डोस चुकवला जातो, आणि महिन्याने खपली परत येते. कॅलेंडरवर तिन्ही तारखा पहिल्याच दिवशी गोल करून ठेवा.

प्रत्येक डोसाच्या दिवशीच पिंजरा. अंथरूण जाळून टाका किंवा पिशवीत बांधून कचऱ्यात द्या. जाळी, भांडी, बाटलीवर उकळते पाणी ओता, घासा, पुसून पूर्ण वाळू द्या. कापडी वस्तू उकळून उन्हात. कच्च्या लाकडाचे जुने खोके असेल तर ते बदललेलेच बरे, फटींतून काही निघत नाही. गजकर्ण असेल तर उकळते पाणी पुरत नाही: घरगुती ब्लीच एक भाग, पाणी नऊ भाग, दहा मिनिटे ओले ठेवून मग भरपूर पाण्याने धुवायचे, कारण बुरशीचे बीज महिनोन्महिने टिकते. ससा तोवर दुसऱ्या खोलीत. फिनेल नको.

तिन्ही डोस वेळेवर, सगळ्या सशांना, पिंजऱ्यासह झाले आणि तरी सहा आठवड्यांनी खाज आहे, तर घरचे प्रयोग इथे थांबवा. आता निदानच पुन्हा करायला हवे: बुरशीची तपासणी, दाढा, सिफिलिस. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पुणे महामार्गावर, कोल्हापूरपासून सुमारे १८० किलोमीटर. तिथे न्यायचे ठरवले तर पहाटे निघा. ३० अंशांच्या वर ससा उष्माघाताने जाऊ शकतो, खोक्याला चारही बाजूंनी भोके आणि आत रोजची वैरण ठेवा.

यात वाट बघायची नाही

कातडीवर अळ्या किंवा शेपटीजवळ पांढरी, तांदळाच्या कणीसारखी अंडी. माशीची अंडी पावसाळ्यात एका दिवसात फुटतात आणि अळ्या जिवंत कातडी खातात. दिसतील त्या चिमट्याने काढत, ससा न भिजवता, त्याच तासाला दवाखाना. रात्र असली तरी.

बारा तास खाल्ले नाही किंवा लेंडी टाकली नाही. खाजेने बेजार ससा खायचा थांबतो, आणि आतडे थांबले की कातडीचा प्रश्न दुय्यम होतो.

मान कायमची तिरकी झाली किंवा ससा एका बाजूला कलंडतो. कानातला आजार आत उतरला असू शकतो.

कातडीखाली घट्ट गाठ. सशाचा पू चक्क्यासारखा घट्ट असतो, दाबून निघत नाही, दाबल्याने आत पसरतो. ती शस्त्रक्रियेनेच काढावी लागते.

आणि नेहमी समोर येणारा ससा पाठ करून कोपऱ्यात बसला, दात करकर वाजवतो आहे. ससा दुखण्याने सहसा ओरडत नाही, असाच गप्प होतो. खपली कितीही लहान दिसली तरी त्या दिवशी डॉक्टरांना दाखवा.